चाहती: फॅन, की प्रेम करणारी?

डिचोलीची मावशी

एका शब्दापाशी अडले आहे.

भाची पणजीला कॉलेजात आहे. तिने वार्षिकांकासाठी पॉप गायिकांवर लेख लिहिलाय. गायिका म्हणजे स्वतः बाया आणि प्रेमही बायांवर करणाऱ्या, ते जाहीर सांगून गाणाऱ्या. त्यांची गाणी ऐकत मोठ्या झालेल्या मुलीही लेखात आहेत. लेख इंग्रजीत, छापायचा मराठी विभागात, म्हणून भाषांतर मावशीच्या गळ्यात. पहिल्याच परिच्छेदात 'फॅन' आला. मी सवयीने 'चाहती' केलं आणि वाक्य झालं, "ती तिची चाहती होती." आता ही चाहती गाणं ऐकणारी, की प्रेमात पडलेली? 'सचिनचे चाहते' लिहिताना हा प्रश्न कधी पडला नव्हता.

गंमत म्हणजे लेखाचा विषयच तो आहे. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी नेवऱ्या करत होतो. मी सारण भरायचं, तिने कातण फिरवायचं. तिच्या एका कानात इयरफोन, दुसरा तिने माझ्या कानात खुपसला. मी विचारलं, "कोणासाठी गाते गो ही?" कातण न थांबवता म्हणाली, "मुलीसाठी, मावशी. हीच ती गर्ल इन रेड." नॉर्वेची गायिका, खरं नाव मारी उल्व्हेन. २०२० च्या सुमारास मुलींमध्ये एक खुणेचा प्रश्न झाला होता: "तू गर्ल इन रेड ऐकतेस का?" याचा अर्थ, तुला मुली आवडतात का. टिकटॉकवरून पसरला; आपल्याकडे २०२० च्या जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं, मग तो रील्सवरून आला. म्हणजे 'मी तिची चाहती' असं म्हणणं हेच 'मी तशी' असं सांगणं होतं. मग माझं संदिग्ध वाक्य चूक, की नेमकं?

फोंड्याचा मास्तर

'रसिक' घ्या ना. तो रसिक, ती रसिक, लिंगाची कटकटच नाही. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना रसिक होते, फॅन नव्हते. बाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली, तरी कुणी स्वतःला त्यांचा फॅन म्हणवून घेतलं नाही.

डिचोलीची मावशी

मास्तर, रसिक मांडी घालून बसतो आणि समेवर मान हलवतो. ही पोरं भिंतीवर पोस्टर लावतात, तिच्यासारखे केस कापून घेतात. रसिकाला गाणं आवडतं. यांना गाण्यात स्वतःचा पत्ता सापडतो. नाही चालणार.

तांबडी माती

'फॅन'चं मूळ बघा. फॅनॅटिकचं तोकडं रूप, आणि त्याच्या मागे लॅटिनमधलं 'फानुम', म्हणजे देऊळ. त्या न्यायाने आपला शब्द 'भक्त'. पण तो आता वेगळ्याच लोकांनी अडवून ठेवलाय, सोडा.

मूळच बघायचं तर लेखात 'लेस्बियन' असेलच, त्याची गोष्ट मावशीच्या भाचीला आवडेल. हा शब्द एका गाणारणीमुळे आला. लेस्बॉस हे ग्रीक बेट. इसवी सनापूर्वी सहाशेच्या आसपास तिथे सॅफो होऊन गेली. तिची कविता वाचायची नव्हे, वीणेसारख्या लायर नावाच्या वाद्यावर गायची होती. त्या लायरवरूनच 'लिरिक' आला. बायांवरच्या प्रेमाची तिची गाणी राहिली आणि तिच्या नावावरून 'सॅफिक', बेटावरून 'लेस्बियन' असे दोन शब्द निघाले. २००८ साली त्या बेटावरचे तिघेजण कोर्टात गेले, की हे नाव आमचं आहे, इतरांनी वापरू नये. अथेन्सच्या कोर्टाने दावा फेटाळला. डिचोलीकरांनी उद्या 'डिचोलीची मावशी' या नावावर दावा केला तर बघा बाई!

पेडण्याची सून

मला अडचण दुसरीकडे दिसते. 'चाहती'चं काहीतरी होईल, पण गाण्यांच्या ओळींचा मराठी अर्थ द्यायचा असेल तर क्रियापद घात करतं.

इंग्रजीत गायिका 'यू' म्हणते आणि निसटते. तो 'यू' बाप्या की बायको, कुणाला पत्ता नाही. अमेरिकन गायिका मेलिसा एथरिजने सुरुवातीचे आल्बम असेच काढले, आणि १९९३ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये क्लिंटनच्या शपथविधीच्या वेळच्या एका समारंभात आपलं प्रेम बायांवर आहे हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्याच वर्षीच्या आल्बमचं नाव 'येस आय अ‍ॅम'. आपल्याकडे 'तू'ला लिंग नाही, पण 'तू आलीस' म्हटलं की संपलं. 'मी वाट बघते' म्हटलं की गाणारीही उघडी पडली.

मात्र मराठीतही लपायला जागा आहे, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकातच आहे: भावे प्रयोग. 'मी तुला पाहिलं.' पाहणारी कोण, पाहिलेली कोण, क्रियापद तोंड उघडत नाही. कर्मणीतही चालतं: 'तुझी वाट पाहिली.' भविष्यकाळही तसाच मुका: 'तू येशील, मी थांबेन.' म्हणजे मराठीत लपून प्रेमगीत लिहायचं तर एक तर सकर्मक क्रियापदाने झालेलं सांगा, नाही तर होणार ते सांगा. साध्या वर्तमानकाळात अडकलात की सापडलात!

भाचीच्या लेखातल्या जुन्या गायिका लपत असतील तर हे प्रयोग वापरा. हेली कियोकोसारखीला नको. तिने २०१५ मध्ये गाण्याला 'गर्ल्स लाइक गर्ल्स' असं नावच दिलं. तिथे लिंग ठणकावून यायला हवं.

डिचोलीची मावशी

शाळेत भावे प्रयोगाला दोन मार्क होते आणि मी ते दरवर्षी घालवले. तो याच्यासाठी होता हे कुणी सांगितलं असतं तर! सूनबाई, देव बरं करो.

जुन्यांमध्ये अमेरिकेची ब्लूज गायिका मा रेनी आहे. ती काही लपली नाही. १९२८ चं 'प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज'. मी बायांबरोबर फिरते, कॉलर-टाय लावते, हिंमत असेल तर सिद्ध करून दाखवा, असं ती गाते. रेकॉर्डच्या जाहिरातीत ती कोट, टाय आणि हॅट घालून रस्त्यावर बायांशी बोलत उभी आहे आणि पलीकडून पोलीस बघतोय. हे चित्र भाचीने फोनवर मोठं करून दाखवलं. तिला कोट आवडला, मला पोलीस. नाक्यावर उभा असतो तसाच.

म्हापशाहून

'तें' वापरा की! आमच्या कोंकणीत तरण्या मुलीला नपुंसकच लावतात. 'तें चेडूं आयलें.' लिंगाच्या चौकटीत न बसणाऱ्यांसाठी इंग्रजीवाले 'दे' हे सर्वनाम शोधत बसलेत, आमच्या आजीकडे ते आधीच होतं.

पेडण्याची सून

दादा, असं वाटतं खरं, पण फसगत आहे. ते 'तें' वयाचं आहे, मोकळिकीचं नाही. चेडूं बायल झालं की 'ती' होतं. आमच्या घरात लग्न होईपर्यंत मी 'तें' होते, लग्नानंतर सासरच्या दारातच 'ती' झाले. चाळिशीच्या अविवाहित बाईला 'तें' म्हटलं तर ती तुम्हाला काय म्हणेल ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारून बघा.

म्हापशाहून

मागे घेतो.

फोंड्याचा मास्तर

आणि 'क्वीअर'ला काय लिहिणार? कोशात 'विचित्र' मिळेल. तसं लिहू नका म्हणजे झालं.

तांबडी माती

'क्वीअर'च ठेवा. इंग्रजीत ती समलिंगी लोकांना दिली जाणारी शिवी होती. ज्यांना दिली त्यांनीच १९९० च्या आसपास उचलून मिरवायला घेतली. शिवीचं भाषांतर होतं, पण तिच्या मिरवण्याचं होत नाही. मराठीत 'समलिंगी' रुळलाय, पण त्यात प्रेमाऐवजी 'लिंग' पुढे येतं आणि वर्गात पोरं हसतात. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या संस्थेने 'समपथिक' वापरला, तो कानाला गोड आहे. तरी मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो साधा 'मित्र'. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' नाटकातली सुमित्रा बाईवर प्रेम करते आणि तिला सगळे मित्रा म्हणतात. 'मित्राची' हे रूप मित्रचंही आणि मित्राचंही. नावातच श्लेष. मराठी षष्ठीने एवढं काम क्वचित केलं असेल.

डिचोलीची मावशी

म्हणजे आपली विभक्ती इंग्रजीपेक्षा चतुर आहे. घेते हे.

कॅनडाची गायिका केडी लँग, तिच्या परिच्छेदाशी कालची सगळी संध्याकाळ गेली. १९९२ मध्ये तिने एका मासिकाला उघड सांगितलं, आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये 'व्हॅनिटी फेअर'च्या मुखपृष्ठावर आली. न्हाव्याच्या खुर्चीत ती सूट घालून बसलेली, तोंडाला फेस, आणि मॉडेल सिंडी क्रॉफर्ड तिची दाढी करतेय. दाढी नाहीच, तरी करतेय. भाचीने लिहिलंय की त्या काळात अनेक मुलींना वृत्तपत्रांच्या दुकानात उभं राहून पहिल्यांदा कळलं, की असं असता येतं. 'असं असता येतं' हे तिचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं.

एक शंका राहिली. अमेरिकन पॉप गायिका चॅपल रोनवर शेवटचा भाग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला नवोदितांचा ग्रॅमी मिळाला. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये तिने चाहत्यांना जाहीर बजावलं होतं, की मी रस्त्यात भेटले तर अंगाला हात लावू नका, मी तुमच्या ओळखीची नाही. तिथे 'चाहती' शोभत नाही. 'पिच्छा पुरवणारी' लिहू?

पेडण्याची सून

तिथे 'फॅन' ठेवा. कोरडा शब्द कोरड्या जागी.

डिचोलीची मावशी

भाचीने काल रात्री मसुदा वाचला. 'चाहती' सात ठिकाणी होता. सहा ठिकाणी खोडून 'फॅन' केलं. एके ठिकाणी ठेवला: "ती तिची चाहती होती." मी म्हटलं, अगो, इथेच तर गोंधळ होतो. म्हणाली, "होऊं दी."

आता अनेकवचन तेवढं सांगा. 'चाहत्या' ठीक आहे, पण प्रत्यय लागला की 'चाहत्यांना' होतं आणि तिथे पोरी आणि पोरगे एकच दिसतात. 'चाहत्या मुलींना' लिहिलं तर फार लांबतं का?