वाडी एका गावात, तलाठी दुसऱ्या गावात, मग खारबंधारा कोणाचा?

खाडीकाठचा (मालवण तालुका):
या पावसात आमचा खारबंधारा, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध, फुटला. उधाणाचं पाणी भातात शिरलं, रोपं पिवळी पडली. ग्रामपंचायत म्हणते तलाठ्याकडे जा. सजाचं, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीचं, ऑफिस शेजारच्या गावात, तिथे सांगितलं पंचायत समितीत विचारा. जिल्हा परिषदेच्या आमच्या गटाला तर तिसऱ्याच गावाचं नाव. वडिलांना घेऊन किती उंबरे झिजवायचे?

निवृत्त ग्रामसेवक:
दादा, या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. जमीन महसूलकडे: गाव, सजा, मंडळ, तालुका, प्रांत, वर कलेक्टर. पाणी, दिवाबत्ती, गावातले रस्ते पंचायतीकडे: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण या फक्त निवडणुकीच्या हद्दी. सिंधुदुर्गात ५० गट, प्रत्येकात दोन गण. गटाला ज्या गावाचं नाव, तिथे तुमचं कुठलंही काम होत नाही, तिकडे फेरी मारू नका.

बंधारा सरकारी खारभूमी योजनेतला असेल तर तो जलसंपदाच्या खारभूमी विभागाकडे. खासगी असेल तर दुरुस्तीचा भार शेतकऱ्यांवरच येतो, फार वाईट वाटतं हे सांगताना. पण पीक नुकसानीचा विषय वेगळा. बंधारा कोणाचाही असो, पंचनाम्याची मागणी करायचीच. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून तो करतात. तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि शेतात पाणी असतानाच फोटो काढा. महिन्याभराने शेत कोरडं दिसतं, मग कोण मानणार?

ओरोसकर:
अर्जात नवीन पदनामं घाला. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी.

माजी सदस्या, देवगड:
बंधाऱ्यासाठी ग्रामसभेचा ठराव घ्या, एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन असतं. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी ते पुरतं. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे वाडीतल्या बायकांना बोलू द्या. लावणीला चिखलात त्याच उभ्या असतात, कुठल्या कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) किती पाणी शिरलं ते त्यांना तोंडपाठ असतं. ठरावात सर्व्हे नंबर लिहा. नुसतं ‘बंधारा दुरुस्त करावा’ असं लिहिलेला कागद पुढे सरकत नाही.

खाडीकाठचा:
मनापासून आभार. बंधाऱ्याचा अर्धा भाग पलीकडच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. मग ठराव कोणाचा?

निवृत्त ग्रामसेवक:
दोन्ही ग्रामपंचायतींचा घ्या, आणि दोन्ही ठराव एकाच अर्जाला जोडा. तिकडच्या सरपंचांना आजच भेटा, पुढचं उधाण यायच्या आत.