चर्चा: टी-रेग पेशींच्या उपचारासाठी गोव्याने आतापासून तयारी करावी का?

सुलभा, फोंडा (मूळ मांडणी)

माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईने मूत्रपिंड दिले, त्याला आता नऊ वर्षे होतील. तेव्हापासून सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ या वेळा आमच्या घरात कधी चुकल्या नाहीत. चतुर्थीची आरती चालू असली तरी तो उठून गोळी घेतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधामुळे मधुमेह जडू शकतो आणि दीर्घकाळात तेच औषध मूत्रपिंडालाही इजा करू शकते, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते. मधुमेह तिसऱ्या वर्षी आला. दुसऱ्या गोष्टीच्या धास्तीने आम्ही दर तपासणीला आधी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा पाहतो.

आपल्या संरक्षक पेशींमध्येच काही पेशी इतरांना आवर घालणाऱ्या असतात; त्यांना टी-रेग, म्हणजे नियामक टी-पेशी म्हणतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्याशी निगडित फॉक्सपी३ हे जनुक शोधले आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. रुग्णाच्या रक्तातून या टी-रेग पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या, असा हा उपचार आहे. गोळ्या सगळ्याच प्रतिकारशक्तीला दाबतात, तर या पेशींनी केवळ नव्या अवयवावरचा हल्ला थोपवावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. जपानमधील होक्काइदो येथे जिवंत दात्याकडून यकृत मिळालेल्या दहा रुग्णांना अशा पेशींनी समृद्ध केलेले मिश्रण दिले गेले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांपैकी सात जणांच्या गोळ्या पूर्ण थांबवता आल्या. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा असलेल्या आपल्या गोव्याने या संशोधनात आपला वाटा मागावा, असे मला मनापासून वाटते.

रमाकांत, साखळी

सुलभाबाय, तुमची कळकळ मला समजते. तरीही मी या मागणीच्या विरोधात आहे. चौदा वर्षे मी डायलिसिसच्या यंत्रांपाशी काम करतो. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास असे खुर्चीला खिळलेले रुग्ण मी रोज पाहतो, आणि त्यांतल्या पुष्कळांना दाताच मिळत नाही. मरणोत्तर अवयवदानाला घरच्यांनी होकार द्यावा म्हणून गावोगावी बोलणारी माणसे आपल्याकडे मोजकीच असताना, ज्यांना अवयव मिळालेला आहे त्यांच्या गोळ्या कमी करण्यावर पैसा खर्च करणे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. होक्काइदोच्या दहांपैकी उरलेल्या तिघांना गोळ्या कमी करताना रिजेक्शन, म्हणजे शरीराकडून नव्या अवयवावर हल्ला, सुरू झाले, हे तुमच्या मांडणीत आले नाही. ‘द वन स्टडी’ या मूत्रपिंडाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यात पेशी दिलेल्या गटात रिजेक्शनचे प्रमाण १६ टक्के आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात १२ टक्के होते. अशी बातमी अर्धवट वाचून गोळ्या स्वतःच सोडलेला एक तरुण दोन वर्षांपूर्वी पुन्हा माझ्या यंत्रावर आला. त्याच्या पत्नीने दिलेले मूत्रपिंड गेले होते. ते दांपत्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

शर्मिला, पर्वरी

मी प्रतिकारशास्त्र शिकवते. रमाकांतबाबांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांचा अर्थ तसा लागत नाही. ‘द वन स्टडी’त पेशी मिळालेल्या ३८ रुग्णांना रिजेक्शन टाळण्यासाठी सुरुवातीला देतात ते प्रतिपिंडाचे औषध दिलेच नव्हते, तरीही त्यांच्यातील १५ जण एकट्या टॅक्रोलिमसवर येऊ शकले आणि त्या गटात विषाणूंचे संसर्गही कमी झाले. कमी औषधांत तेवढेच संरक्षण मिळते का, हे तिथे तपासायचे होते. शिवाय त्या ३८ जणांत टी-रेगखेरीज अन्य नियामक पेशी मिळालेलेही होते.

सुलभाताईंशी माझा मतभेद वेगळ्या कारणाने आहे. टी-रेग पेशींना जगण्यासाठी इंटरल्यूकिन-२ हे संकेत देणारे प्रथिन लागते, ते त्या स्वतः तयार करत नाहीत, आणि टॅक्रोलिमस नेमकी त्याचीच निर्मिती रोखते; म्हणजे ज्या औषधाच्या छत्राखाली या पेशी सोडायच्या, तेच औषध त्यांची उपासमार करते. सिरोलिमस हे दुसरे औषध त्यांना तुलनेने सोसते, पण ते प्रत्येक रुग्णाला मानवत नाही. दाहाच्या वातावरणात काही पेशींमधील फॉक्सपी३ ढळू शकते आणि त्या हल्लेखोर पेशींसारख्या वागू शकतात, ही भीतीही खरी आहे. पेशी वाढवायला आठवडे लागतात. मरणोत्तर दानाचा फोन मात्र मध्यरात्री येतो आणि तासांत निर्णय घ्यावा लागतो. अशी निर्जंतुक प्रयोगशाळा गोव्यातल्या थोड्या रुग्णांसाठी उभारणे व्यवहार्य नाही. कर्करोगावरची नेक्सकार१९ ही पेशी-चिकित्सा आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयत्नांतून घडली आणि तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा हे काम देशात होऊ शकते यात शंका नाही. ते अशा केंद्रांतच व्हावे.

काणकोणकर

मी अजून दात्याच्या प्रतीक्षेत आहे. मला आधी मूत्रपिंड हवे. पण ते मिळाल्यावर पुढची तीस वर्षे कशी काढायची, याचा विचार आज कोणी करत असेल तर त्याला माझा विरोध नाही.

सुलभा, फोंडा

तिघांचेही म्हणणे मी दोनदा वाचले. होक्काइदोच्या त्या तीन रुग्णांचा उल्लेख मी करायला हवा होता. त्यांना यकृताचे स्वयंप्रतिरोधक आजार होते आणि पुढे कमी मात्रेत गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या, हेही सांगायला हवे होते. प्रयोगशाळा गोव्यातच हवी हा आग्रह मी सोडते.

तयारी या शब्दाचा माझा अर्थ आता लहान आणि नेमका आहे. गेल्या वर्षी मी भावाचा आणि आईचा एचएलए अहवाल, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा अहवाल, मागायला गेले, तेव्हा जुन्या फाइली नष्ट केल्याचे उत्तर मिळाले. सध्या चाचणीत असलेल्या सुधारित टी-रेग पेशींपैकी काही दात्याच्या एचएलए-ए२ या खुणेवर नेम धरतात. दात्याकडे ती खूण आहे आणि रुग्णाकडे नाही, एवढे लिहिलेला कागदच नसेल तर चाचणीच्या दारात उभे राहता येत नाही. गोव्यात प्रत्यारोपण झालेल्या किंवा बाहेर जाऊन करून आलेल्या प्रत्येक रुग्णाचे एचएलए अहवाल, दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या आणि टॅक्रो लेव्हलच्या, म्हणजे रक्तातील टॅक्रोलिमसच्या पातळीच्या नोंदी एका ठिकाणी कायम राहाव्यात. एवढ्यासाठी नवी इमारत लागत नाही, रमाकांतबाब.

रमाकांत, साखळी

नोंदवहीला माझी हरकत नाही. तिचा उपयोग आजच्या रिजेक्शनच्या उपचारालाही होईल, म्हणून मी त्या मागणीच्या निवेदनावर सही करीन. माझी एक अट आहे. निवेदनासोबत रुग्णांसाठी मराठीत आणि कोंकणीत एक स्वतंत्र पान जोडावे, आणि त्यावर पहिली ओळ अशी असावी, की हा उपचार अद्याप चाचणीत आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. ते पान आमच्या विभागातल्या प्रत्येक खुर्चीपाशी नेऊन वाचून दाखवण्याचे काम मी करतो.