दांव्हिलचा १७५२ सालचा हिंदुस्थानचा नकाशा: कोऱ्या जागेचं एवढं कौतुक कशाला?

कोस_दोन_कोस:

जुन्या नकाशांवर कुठेही लेख येवो, एक वाक्य ठरलेलं असतं. झाँ-बातिस्त दांव्हिल (१६९७–१७८२) हा काय प्रामाणिक माणूस, जे माहीत नाही ते त्याने कोरं सोडलं! मला हे कौतुक पटत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा फ्रेंच राजाचा भूगोलतज्ज्ञ. पॅरिसबाहेर फारसा कधी गेला नाही. घरबसल्या प्रवासवर्णनं, जेझुइट पाद्र्यांची पत्रं, खलाशांच्या नोंदी ताडून पाहायच्या आणि नकाशा काढायचा, ही त्याची पद्धत. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्याने १७५२ साली हिंदुस्थानचा नकाशा केला. त्यात ओरिसाच्या किनाऱ्यामागे भला मोठा पट्टा मोकळा आहे आणि त्यावर फ्रेंचमध्ये लिहिलंय, की या विस्तीर्ण मुलुखाची खास काही माहिती नाही.

आता सनावळी बघा. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज घेऊन छत्तीसगडातल्या रतनपुरावर गेले, पुढच्या वर्षी बंगालात उतरले. कलकत्त्याच्या इंग्रजांनी धसका घेऊन 'मराठा खंदक' खणायला घेतला. मग जवळजवळ दहा वर्षं नागपूर ते बंगाल ये-जा चालूच. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने बारा लाखांची चौथाई कबूल केली, ओरिसा भोसल्यांकडे आला. नकाशा छापला त्याच्या आदल्याच वर्षी! घाट कुठला, पाणी कुठे, चारा कुठे मिळेल, कोणता जमीनदार आडवा येईल, हे सगळं जासुदांना आणि बंजाऱ्यांना तोंडपाठ होतं. कोरा होता तो पॅरिसमधला कागद.

तांब्याचा_पत्रा:

असहमत. जासुदांना तोंडपाठ होतं ते दांव्हिलला कळणार कसं? भोसल्यांचा जासूद पॅरिसला जाऊन बसणार होता का?

कोरी जागा सोडायला काय लागतं ते कळण्यासाठी त्याच काळातला दुसरा फ्रेंच नकाशाकार बघा. झाक-निकोला बेलँ, नौदलाच्या नकाशा कचेरीतला. १७४४ च्या त्याच्या नकाशात उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियरमध्ये काही बेटं ठळकपणे आली, जी तिथे नाहीतच. त्यातल्या एकाचं नाव फेलिपो. नौदलमंत्री मोरपा यांचं घराणं कोणतं? फेलिपो! साहेबांच्या नावाचं बेट कोण खोडणार? पुढे इतरांनी ते उतरवून घेतलं, आणि १७८३ च्या पॅरिस तहात अमेरिकेची सरहद्द ठरवताना 'फेलिपो बेटाच्या उत्तरेकडून' असं चक्क कलमात आलं. नसलेल्या बेटावरून दोन देशांची हद्द!

हे ज्याला दिसतं त्याला दांव्हिलची किंमत कळते. पैसे देणाऱ्या कंपनीला 'इथलं मला माहीत नाही' असं छापून सांगायला छाती लागते.

पाणवठा:

धागाकर्त्यांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. कोरी जागा हे दांव्हिलचं तत्त्व होतं हेच मला मान्य नाही. जिथे ग्रीक-रोमन ग्रंथांचा आधार मिळाला तिथे त्याने बेधडक अंदाज ठोकले. मौर्य दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस, त्याचं पालिबोथ्रा, म्हणजे पाटलीपुत्र, त्याने अलाहाबादला नेऊन ठेवलं. ते पाटणा असल्याचं नंतर इंग्रज नकाशाकार रेनेल आणि संस्कृतज्ञ विल्यम जोन्स यांच्या काळात ठरलं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकाच्या भरवशावर राजधानी हलवायची, आणि हयात असलेल्या माणसांच्या मुलुखावर 'माहिती नाही' लिहायचं.

शिवाय १७४९ चा त्याचा आफ्रिकेचा नकाशा. आतल्या भागातली काल्पनिक राज्यं, सरोवरं त्याने पुसली, ठीक. पण युरोपातल्या वाचकाला त्यातून काय दिसलं? रिकामी जमीन. रिकाम्या जमिनीवर पुढे काय होतं ते सांगायला नको.

तांब्याचा_पत्रा:

@पाणवठा, आफ्रिकेची वाटणी करणारी बर्लिन परिषद १८८४ ची. दांव्हिल जाऊन तेव्हा शंभर वर्षं उलटली होती. त्याने खोटी राज्यं तशीच ठेवली असती तर वाटणी टळली असती? काहीतरीच.

आणि जेम्स रेनेल, ज्याने इंग्रजांसाठी १७८२ साली हिंदुस्थानचा नकाशा काढून दांव्हिलला मागे टाकलं, त्यानेच कबूल केलंय की अंतर्भागासाठी या माणसाजवळ मोघम प्रवासनोंदींपलीकडे जवळपास काही नव्हतं, तरी त्याने देश इतका नीट मांडला याचं आश्चर्य वाटतं. प्रतिस्पर्ध्याची दाद आहे ही, भाटगिरी नव्हे.

कोस_दोन_कोस:

रेनेलचं नाव काढलंत ते बरं झालं. त्याच्या नकाशावरची सजावट पाहिलीय का? ब्राह्मण पोथ्या घेऊन उभे आणि ब्रिटानिया त्या स्वीकारतेय. किमान त्या चित्रात तरी माहिती इथल्या माणसांकडून आल्याची पावती आहे, सोंगाची का होईना. दांव्हिलकडे साक्षीदार कोण? पाद्री बूदिए. सवाई जयसिंगांच्या बोलावण्यावरून ते १७३४ मध्ये बंगालातल्या फ्रेंच वसाहतीतून, चंद्रनगरहून, जयपूरला गेले, वाटेत अक्षांश मोजत. उत्तम काम, वाद नाही. पण यंत्र असलेल्या पाद्र्याची वाट नकाशात येते, पायी चालणाऱ्या हरकाऱ्याची येत नाही, माझं म्हणणं एवढंच.

मोडीवाचक:

मधेच तोंड घालतो. 'यंत्रवाल्याचंच ऐकलं' हे पूर्ण खरं नाही. दांव्हिलने कोसांचा फार कीस पाडलाय. नकाशासोबत १७५३ मध्ये त्याने स्पष्टीकरणाचं अख्खं पुस्तक काढलं. कोस मुलखागणिक बदलतो, दोन गावांत इतके कोस म्हटलं तर सरळ रेषेत किती, ही त्याची खरी डोकेदुखी. ते कोस सांगितले कोणी? शेवटी इथल्याच माणसांनी, फक्त प्रवाशाच्या वहीत त्यांचं नाव राहिलं नाही.

नाव राहिल्याचं एक उदाहरण रेनेलकडे आहे: सदानंद नावाच्या ब्राह्मणाने काढलेला गुजरातचा नकाशा. तो पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट याच्यामार्फत रेनेलकडे पोचला आणि रेनेलने त्याच्या बुद्धीची मोकळेपणाने तारीफ केली. असे सदानंद १७५० मध्येही असणार. त्यांना विचारायला पॅरिसचं कुणी आलं नव्हतं.

अवांतर: दांव्हिलचा सख्खा भाऊ ग्राव्हलो नावाजलेला चित्रकार होता. दांव्हिलच्या बऱ्याच नकाशांतल्या शीर्षकाभोवतीच्या नक्षीचौकटी त्याच्या हातच्या आहेत. एक भाऊ मजकूर कमी करणारा, दुसरा वेलबुट्टी वाढवणारा.

पाणवठा:

मोडीवाचक, मग कंपनीचं काय? १७५२ म्हणजे फ्रेंच गव्हर्नर डुप्ले पाँडिचेरीत, त्याचा सेनानी बुसी निजाम सलाबतजंगाच्या पदरी औरंगाबादेत. आदल्या हिवाळ्यात बुसीच्या तोफांनी नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला कुकडी नदीकाठी रात्री गाठलं होतं. अशा वेळी नकाशा निव्वळ विद्येसाठी निघत नाही.

मोडीवाचक:

नाहीच निघत. पण दख्खनच्या आतल्या भागाचा तपशील पुढे रेनेलने कशावरून घेतला? याच बुसीच्या कूच-मुक्कामांवरून. फौज गेली तिथे नकाशा भरला. तुमच्या न्यायाने भरलेली जागा कोऱ्या जागेपेक्षा जास्त संशयास्पद ठरते. मग दांव्हिलच्या कोऱ्या पट्ट्यावर राग कशाला? तिथे फ्रेंच फौज पोचली नव्हती, एवढंच तो पट्टा सांगतो.

कोस_दोन_कोस:

मराठ्यांची पोचली होती ना! मुद्दा तोच आहे. असो, तुमच्या 'फौज गेली तिथे नकाशा भरला' वर विचार करतो. तोवर नागपूर–कटक वाटेवरच्या मुक्कामांचे उल्लेख कुणाला भोसल्यांच्या पत्रांत सापडले तर इथे टाका. दांव्हिलचा पट्टा आपणच भरून बघू.

तांब्याचा_पत्रा:

भरा की. फक्त कोस कुठला धरणार ते आधी ठरवा, नाहीतर कटक समुद्रात जाईल. हलकेच घ्या.