प्रतिसाद: किल्लारीवरच्या संशोधनाला कोण पैसे देणार?

'आपत्तीवरच्या परदेशी पीएचडीची स्कॉलरशिप गरीब देशांसाठी, आपल्याला काय उपयोग?' असं वर एका ताईंनी विचारलंय. ताई, जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत अजून निम्न-मध्यम उत्पन्न गटातच आहे. त्यामुळे जाहिरातीत 'अल्पविकसित' म्हटलंय की 'निम्न-मध्यम', तेवढं नीट वाचा. पहिल्यात आपण बसत नाही.

विषय तर दारातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं मारली. नंतर गावं उठवून नव्या जागी वसवली. तिथल्या घरांत लोकांनी पुढं स्वतः काय काय बांधकाम वाढवलं, ते भूकंपात टिकेल का? प्रस्तावात हाच प्रश्न घाला. नुसतं 'मराठवाड्यातील आपत्ती व्यवस्थापन' लिहिलं तर गाईड दुसरं पान उलटणार नाही. आणि फी माफ म्हणजे फेलोशिप नव्हे, राहण्या-खाण्याचं आधी विचारा.