मदत हवी आहे: २०२६ मध्ये घरात आतून कोणते रंग चालणार? पेंटर सोमवारी येतोय

देवगडकर_८२
नमस्कार. गावच्या घराला आतून रंग काढायचाय. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर. फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचं लग्न आहे, मुंबईची माणसं उतरणार. पेंटर उद्या संध्याकाळपर्यंत शेड नंबर मागतोय. बायकोला राखाडी नको, आईला पहिला पिस्ताच परत हवाय, भावाने गडद हिरव्या भिंतींचे फोटो पाठवलेत. पुढच्या वर्षी काय चालणार एवढंच सांगा, नंबरासकट मिळालं तर फार बरं.

सावली
पँटोन या कंपनीने २०२६ चा रंग म्हणून क्लाउड डान्सर जाहीर केलाय, मऊ ढगाळ पांढरा. २०२५ ला मोका मूस होता, कॉफीकडे झुकणारा तपकिरी. २०२४ ला पीच फझ. ड्युलक्स या रंगाच्या ब्रँडने २०२६ साठी निळ्याच्या तीन छटा काढल्यात. मी पुण्यात इंटिरियरचं काम करते. माझ्याकडे येणारे लोक राखाडीला कंटाळलेत, आता मलई, भाजकी वीट, शेवाळी हिरवा असे मातीजवळचे रंग मागतात. हॉल मलई आणि एक भिंत भाजक्या विटेची करा. भिंतीचाच रंग छतालाही द्यायची पद्धत आलीय, तीही छान दिसते.

रंगारी_रत्नागिरी
दादा, घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, की विटांचं? स्लॅब की कौलं? खिडक्या कुठल्या दिशेला? भिंतीवर आधी काय आहे, चुना, डिस्टेंपर की इमल्शन? खाली लाद्या की कोबा? हे कळल्याशिवाय मी रंग सांगणार नाही.

देवगडकर_८२
काका, चिऱ्याचं घर, पुढे पडवी, वर कौलं. पण रंगाच्या नावाशी याचा काय संबंध? तारीख जवळ आलीय.

माडाखाली
संबंध आहे. पडवी असली की हॉलमध्ये उजेड आधीच कमी. त्यात भावाचा गडद हिरवा लावलात तर दुपारी बारालाही दिवा लावावा लागेल. आणि लाल कोबा असेल तर ऊन त्याच्यावर आपटून भिंतीवर गुलाबी झाक येते. आमच्याकडे शुभ्र पांढरा दिला होता, दिवसभर भिंत फिकट गुलाबी दिसायची. शेवटी पिवळसर पांढरा घेतला, तो कोब्याजवळ शोभला.

कोळथरकर
पँटोन मुळात छपाई आणि डिझाइनसाठी रंग जुळवायची पद्धत देणारी कंपनी. २००० पासून दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. तो डबा तुमच्या दुकानात त्याच नावाने मिळणार नाही, दुकानदार रंग मिसळायच्या टिंटिंग मशीनवर जवळचा काढून देईल. एवढं सगळं सोडा, चुना काढा. चिऱ्याच्या भिंतीला श्वास घेता येतो, बुरशी सहज धरत नाही, खर्च कमी. आमच्या आजोबांच्या घरात अजून चुनाच आहे.

रंगारी_रत्नागिरी
चुन्याला माझा विरोध नाही. पण लग्नाच्या घरात पाहुण्यांच्या पाठी पांढऱ्या होतील. शिवाय पुढे कधी इमल्शन मारायचं ठरलं तर तो चुना पूर्ण खरवडावा लागतो, नाहीतर रंग पापुद्र्यांनी सुटतो.

कोळथरकर
चुना नीट विझवून, डिंक घालून काढला तर हाताला लागत नाही. आजकाल तो विझवत कोण बसतो हा प्रश्न वेगळा.

नवा_सदस्य
गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या.

सावली
त्यांच्याकडे गच्ची नाही, कौलं आहेत.

मालवणी_माणूस
रंग मागीर. आधी भिंतीक हात लावून बघल्यात काय? आमच्या घरात गणपतीआधी घाईने रंग मारलो, दिवाळीक सगळो खाली.

देवगडकर_८२
आता हेच सांगणार होतो. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला कमरेपर्यंत पोपडे आलेत आणि पांढरी पावडर झडते. आम्हीही गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये रंगवलं होतं. पेंटर म्हणतो पुट्टीने झाकू. मला वाटलं वेगळं काय सांगायचं, सगळ्यांच्याच घरात असतं.

रंगारी_रत्नागिरी
दादा, आधी हेच सांगायला हवं होतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, आणि पश्चिमेची भिंत तो तोंडावर झेलते. चिरा पाणी पितो, पाणी आतले क्षार घेऊन बाहेर येतं, सुकलं की पावडर मागे राहते. पुट्टीने ती थांबत नाही.
आज रात्री हे करा. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा, सकाळी बघा. आतून दव दिसलं तर भिंत ओली आहे. पावडर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, ती परत आत शिरते. सुटे पोपडे काढा, भिंत मोकळी सोडा, पंखा लावा. कोरडी झाल्यावर अल्कली सोसणारा प्रायमर, मग रंग. पाणी बाहेरून कुठून शिरतंय तेही शोधा.

सावली
काकांचं बरोबर आहे, मी भिंतीबद्दल विचारायलाच हवं होतं. भाजक्या विटेचा रंग त्या भिंतीवर नको. गडद रंगावर पांढरी पावडर लांबूनही दिसते. आणि छोट्या कार्डावरून ठरवू नका, नमुना डबा आणून दोन फुटांचा पट्टा मारा. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, दिव्यात बघा.

माडाखाली
चिऱ्याला सध्या काय भाव पडतो? आम्हाला कुंपण घालायचंय.

देवगडकर_८२
सकाळी बघितलं. पूर्वेच्या आणि आतल्या भिंतींवरची प्लास्टिकं कोरडी, पश्चिमेवरच्या आतून थेंब. पेंटरला सांगितलं, आधी दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर कर, हॉल जानेवारीअखेर. खोल्यांना पिवळसर पांढरा ठरला, खाली कोबाच आहे. स्वयंपाकघरात आईचा पिस्ता, ती ऐकत नाही आणि मलाही आता तो आवडायला लागलाय. पश्चिमेची भिंत मोकळी ठेवलीय, पंखा सुरू आहे. काका, जानेवारीअखेर परत प्लास्टिक लावून इथे लिहितो.

रंगारी_रत्नागिरी
लिहा. आणि कौलाची पन्हळ त्या भिंतीच्या डोक्यावर फुटलीय का, तेही शिडी लावून बघा.