मदत हवी आहे: भजनं की कीबोर्ड, पाळकानं करायचं काय?

जय ख्रिस्त मंडळी. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक आहे, साठेक घरं आमची, आणि दोन महिने झाले पंचांच्या मीटिंगमधे एकच विषय चाललाय. म्हाताऱ्यांना पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं पाहिजेत, पोरांना कीबोर्ड, गिटार आणि मोबाईलवरची हिंदी गाणी. मागच्या रविवारी प्रभुभोजनाच्या (भाकर-प्याल्याच्या विधीच्या) ऐन वेळी एका आजोबांनी झांजा पिशवीत घातल्या नि उठून गेले, प्याला माझ्या हातात तसाच, पुढचं वचनच आठवेना.

पोरांना समजावलं की टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांनी अभंग-कीर्तन उपासनेत रुजवलं तेव्हा तेसुद्धा नवीनच होतं, आधी बरीच गाणी इंग्रजी चालींवर म्हणायचे. तर एक पोरगं म्हणतं, मग पास्टर आमचंच नवीन का नको? आता काय बोलणार, खरंच आहे की.

बरं बायबलात निर्गम 18 मधे इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला सांगतो एकट्यानं सगळं अंगावर घेऊ नको, यावर मीच दोनदा उपदेश दिलाय आणि मीच न्यायनिवाडा करत बसलोय, सौ. म्हणते निदान जेवताना तरी चर्च बंद ठेवा.

तर कुणाच्या मंडळीत दोन्ही जमलंय का, एकाच उपासनेत का वेगळी वेळ ठेवली? आणि भजनांचं नोटेशन कुणाकडं असेल तर सांगा, कीबोर्डवाल्या पोराला शिकवता येईल. उद्या संध्याकाळी आजोबांकडं जाणारे, त्याआधी कळलं तर बरं होईल.