पडके चॅपेल पुन्हा उपासनेला द्यावे काय?

धागालेखक:
इंग्लंडमध्ये नॉर्फक परगण्यातील एका खेड्यात, वॉल्सिंगहॅमजवळ, चौदाव्या शतकातले स्लिपर चॅपेल (लहान ख्रिस्ती प्रार्थनागृह) आहे. पवित्र मरियेच्या तीर्थाला निघालेले यात्रेकरू येथे पादत्राणे काढून उरलेला मैलभर रस्ता अनवाणी चालत, अशी परंपरा आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत ते तीर्थ मोडले गेले आणि पुढे या चॅपेलचा गोठादेखील झाला. शार्लट बॉइड या इंग्रज बाईंनी १८९६ मध्ये ते विकत घेऊन दुरुस्त करविले. १९३४ मध्ये तेथे पुन्हा मिस्सा (कॅथलिक सामूहिक उपासना) झाली. प्रार्थनेसाठी उभारलेली वास्तू केवळ प्रेक्षणीय स्थळ म्हणून राखणे ही माझ्या मते अर्धीच दुरुस्ती होय.

तटबंदी:
असहमत. आपण दिलेली १८९६ आणि १९३४ ही दोन सालेच पाहा. मध्ये जवळपास चार दशके गेली, कारण १८९७ मध्ये मरियेच्या तीर्थाची पुनःस्थापना किंग्ज लिन गावच्या चर्चमध्ये झाली होती. शिवाय हे तत्त्व आपल्याकडे लावले तर काय होईल? वसईच्या किल्ल्यातील चर्चे १७३९ च्या मराठी विजयानंतर ओस पडली. वास्तू संरक्षित झाली तेव्हा जेथे उपासना चालू नव्हती, तेथे ती नव्याने सुरू होऊ द्यायची नाही, हे पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे धोरण मला शहाणपणाचे वाटते. एकाला दिलेला अपवाद उद्या दहा जण मागतील आणि प्रत्येकाजवळ आपापले जुने शतक असेल.

धागालेखक:
वसईचा किल्ला सरकारी संरक्षणाखाली आहे. हे चॅपेल खासगी मालकीचे होते आणि रीतसर विकत घेतले गेले. कोणाचीही उपासना त्यासाठी हटवावी लागली नाही. हा फरक लहान नव्हे.

ओलावा:
मालकीचा वाद बाजूला ठेवून दगडचुन्याचे बोलतो. रोज दार उघडणारे कोणी असले की गळणारे छप्पर वेळेवर कळते. मात्र भाविक वाढले की मेणबत्त्यांची काजळी, विजेच्या तारा आणि रुंद दारांची मागणीही येते. वॉल्सिंगहॅमला गर्दीसाठी १९८० च्या दशकात शेजारी मोठे, वेगळे चॅपेल बांधले, म्हणून जुने वाचले.

तटबंदी:
म्हणजे शेजारी मोकळी जमीन आणि गाठीला पैसा हवा. ज्या खेड्यात दोन्ही नाहीत, तेथे मी आधी छप्पर मागेन. वेदीचा निर्णय तेथील लोकांनी नंतर घ्यावा.